रोजच्या गाडीला कॉइलओव्हर : मोकळी मोजू की भरलेली?

काळी_माती (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी. या विभागात पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गाडी पोलो डिझेल, २०१६ची, ९४ हजार किमी झालेली. गाव दारव्ह्याच्या अलीकडे, नोकरी यवतमाळला. जाऊन-येऊन रोजचे ७० किमी. त्यातले फाट्यापासून घरापर्यंतचे चार बाकीच्या सहासष्टांना भारी पडतात. शनिवारी परतताना डिक्कीत सरकीच्या ढेपेची दोन पोती आणि मागच्या सीटवर आई-बाबा. म्हणजे ही काही रविवारी पुसून उन्हात उभी करायची गाडी नाही.

मे महिन्यात पुढचे शॉकअप गळायला लागले. कंपनीचे घ्यायचे तर हौसेनं कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या शॉकअप-स्प्रिंगचा, संच घेतला. स्प्रिंगखालची रिंग फिरवून उंची कमी-जास्त होते, डॅम्पिंगच्या (शॉकअप किती कडक ठेवायचा त्याच्या) वरच्या खटक्याला ३० क्लिक आहेत. नागपूरला एका दुकानात बसवून घेतला, ३५ मिमी खाली. दुकानातली पोरं म्हणाली, "भाऊ, एक नंबर दिसते." दिसते, खोटं कशाला बोलू.

आता रडगाणं. ब्रेकरवरून हळू नेली तरी पुढून 'धप्प' असा आवाज येतो. पांढऱ्या रम्बलर पट्ट्या ओळीनं आल्या की पहिल्या दोन बऱ्या जातात, पुढच्या थेट मणक्यात. उजवं चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरलं की 'कडक्' असा वेगळाच लोखंडी आवाज. पुढचे दोन्ही टायर चार हजार किमीत आतल्या कडेनं गुळगुळीत झाले. आणि शनिवारी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर घासतो. गेल्या शनिवारी बाबा खाली उतरून ब्रेकर पार होईपर्यंत पायी चालले, वर घरी आल्यावर आईला म्हणाले, "पोरानं गाडी घेतली का बैलबंडी?"

दुकानदार म्हणतो, "स्पोर्ट सेटिंग आहे, सवय होईल." चार महिने झाले, सवय काही झाली नाही. काढून टाकू की जमवता येईल?

फुरसतीतला_काका
रविवार, रात्री ९:३२

शकुंतला एक्सप्रेस यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जायची. अडीच फुटी रूळ, चाल अशी की माणूस उतरून लघवी करून परत चढायचा. पण मणक्याची तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर द्या त्यांना आधी.

सिंहगड_पायथा
रविवार, रात्री १०:०५

३५ काहीच नाही हो. मी ४५ खाली चालवतो, तीही रोज. ब्रेकर तिरका घ्यायचा, एकेक चाक चढवायचं. डॅम्पिंग आणखी कडक करा, गाडी कमी हलेल आणि कमी घासेल. पोत्यांसाठी गावात टेंपो मिळत नाही का?

काळी_माती
रविवार, रात्री १०:२०

@सिंहगड_पायथा, टेंपो मिळतो. पण दोन पोत्यांसाठी टेंपो केला तर ढेपेपेक्षा भाडं जड होतं. तिरकं घ्यायला जागा लागते. इकडे समोरून कापसाची भरलेली ट्रॉली येत असते.

डॅम्पिंग सध्या ३० पैकी २४ वर आहे, दुकानातूनच. आणखी कडक?

मुरूमवाला
सोमवार, सकाळी ७:१५

मी रस्त्याच्या कामात आहे, म्हणून रस्त्याच्या बाजूनं हिशेब देतो.

भारतीय रस्ते काँग्रेसचा मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंमी उंच असतो. वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर, वेग २५ किमी धरलेला. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास २.४७ मीटर, म्हणजे दोन्ही चाकं त्याच कमानीवर मावतात. तेव्हा मधला पोटाचा भाग कमानीपासून फक्त ४५ मिमी वाचवायचा असतो. असा ब्रेकर तुमची गाडी झोपेत पार करेल.

पण गावातला ब्रेकर मानकातला नसतो. शाळेसमोर अपघात होतो, दुसऱ्या दिवशी लोक मुरूम-सिमेंट आणून स्वतःच घालतात. दोन फूट रुंद, सहा इंच उंच. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण येतो, म्हणजे पोटाखाली जवळजवळ १५० मिमी हवे. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १६५, तुम्ही ३५ घालवले, उरले १३०. पोती आणि आई-बाबा बसल्यावर आणखी खाली. लोक घालतात त्यांना दोष देत नाही, त्या चौकात मीही राहतो.

फुरसतीतला_काका
सोमवार, सकाळी ७:४०

जून २०२२मध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किमी डांबर टाकून गिनेस बुकात नाव गेलं. तिथं न्या म्हणावं गाडी. पण तो रस्ता तुमच्या गोठ्यापर्यंत काही येत नाही.

पाना_बारा_तेरा
सोमवार, दुपारी १:५०

भाऊ, गॅरेजात बसून जेवता जेवता लिहून राह्यलो, चुकलं तं समजून घेजा.

समद्यायनं उंचीवर भांडण लावलं. मले तो उजवीकडचा 'कडक्' आवाज डोक्यात बसला. धप्प वेगळा, कडक् वेगळा. धप्प म्हणजे शॉकअप खाली बसला. कडक् म्हणजे चाक लटकलं की स्प्रिंग ढिल्ला होते आन् वापस बसताना वाजते.

काढून टाकाची घाई करू नोका. आंधी मोजमाप द्या. चाकाच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारी चाकं. मंग पुढच्या दोन्ही शॉकअपवर खालच्या रिंगेच्या खाली किती आटे दिसते ते मिलिमीटरमध्ये. आन् जागा सपाट पाहजा. आंगणात मोजाल तं आंगणाचा उतार मोजाल.

काळी_माती
मंगळवार, रात्री ८:३०

सपाट जागेसाठी गल्लीतल्या गवंडीबुवांची पाण्याची नळी आणली. आमचं अंगण एका बाजूनं ३ सेंमी उतरतं हे घर बांधून २२ वर्षांनी कळलं. शेवटी ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोरच्या फरशीवर मोजलं, पोरांचा क्रिकेटचा डाव थांबवून.

पुढे डावं ३४१ मिमी, उजवं ३४०. मागे ३४६ आणि ३४५. म्हणजे गाडी सरळ आहे. पण रिंगेखालचे आटे डावीकडे ४१ मिमी दिसतात आणि उजवीकडे ३२. नऊचा फरक! दोन्हीकडे स्प्रिंग तीच, शॉकअप तोच. हे कसं?

पाना_बारा_तेरा
मंगळवार, रात्री ९:०५

सापडला.

पोलोचा पुढचा शॉकअप खालून नकलच्या (चाक धरते त्या लोखंडाच्या) क्लॅम्पात उभा बसते, एका आडव्या बोल्टानं आवळते. त्याले तळापर्यंत टेकवा लागते. क्लॅम्प थोडा फाकवून घ्या लागते, नाई तं मधातच अडकते आन् बसल्यासारखा वाटते. तुमचा उजवा नऊ मिलिमीटर वर राह्यला. मंग गाडी उजवीकडून उंच दिसली असन. पोट्ट्यायनं कारण पाह्यलं नाई, उजवी रिंग नऊ मिलिमीटर खाली फिरवून बराबरी करून देली. बाहेरून सरळ, आतून स्प्रिंग ढिल्ला.

टॉर्च लावून क्लॅम्पात पाहजा. शॉकअपच्या अंगावरची कडा क्लॅम्पाले टेकली का नाई. आन् तोपर्यंत गाडी जास्ती फिरवू नोका, तो बोल्ट जेवढा पकडाले पाह्यजे तेवढा पकडून नाई हाय.

काळी_माती
मंगळवार, रात्री ९:४०

पाहून आलो. डावीकडे टेकली आहे. उजवीकडे माझ्या करंगळीचं टोक जातं.

हात थरथरतायत हे लिहिताना. चार महिने आई-बाबांना घेऊन फिरलो.

संत्राबर्फी
मंगळवार, रात्री १०:१५

घाबरू नका, वेळेत सापडलं. पण @पाना_बारा_तेरा दादांनी कडक् सोडवला, धप्प राहिलाच की. तो मी घेते. मी नागपूरला तंत्रनिकेतनात शिकवते, हिशेब मांडल्याशिवाय झोप येत नाही.

संचाच्या कागदावरचे स्प्रिंगचे आणि प्रवासाचे (शॉकअप किती दबतो-सुटतो त्याचे) आकडे सांगा.

काळी_माती
मंगळवार, रात्री १०:२२

पुढे ५ किलो प्रति मिमी, मागे ४. पुढच्या शॉकअपचा पूर्ण प्रवास ११५ मिमी. शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असतो तो बंप स्टॉपचा रबर मोजला, ३५ मिमी.

संत्राबर्फी
मंगळवार, रात्री ११:३०

मग बघा. डिझेल पोलो साडेअकराशे किलोच्या पुढची, नाकात जड. पुढच्या एका चाकावर साडेतीनशेच्या आसपास, त्यातून चाक, ब्रेक, नकल यांचं वजन वजा केलं की स्प्रिंगवर धरू ३२०. ५ किलोची स्प्रिंग म्हणजे गाडी नुसती उभी राहिली की ६४ मिमी दबते. ११५ मधून ६४ गेले, उरले ५१. त्यात ३५चा रबर. म्हणजे सोळा मिलिमीटर हलल्यावर तुमची गाडी रबरावर बसते! चहाच्या बशीची उंची. मग ब्रेकर कितीही हळू घ्या, धप्प होणारच. हे ढोबळ आकडे आहेत, दोन-चार इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच.

कुणी सांगेल रबर कापा. कापू नका. तो नसेल तर शॉकअप लोखंडावर लोखंड आपटून मरेल.

रिंग वर फिरवली की स्प्रिंग कडक होते, असा एक समज आहे. होत नाही. सरळ स्प्रिंग ५ची ५च राहते. १५ मिमी वर फिरवली तर गाडी १५ वर येते, आणि दबायला १५ जास्त मिळतात. १६चे ३१ झाले, जवळजवळ दुप्पट. लटकायची बाजू तेवढी कमी होते, पण तिकडे तुमच्याकडे भरपूर आहे. ज्या महागड्या संचात खालचा तळ वेगळा फिरतो तिथं गाडी खाली करूनही प्रवास शाबूत राहतो. तुमच्या संचात उंची आणि प्रवास एकाच रिंगेला बांधलेत.

मागे पोलोची स्प्रिंग चाकाच्या मध्यावर नसून थोडी पुढे बसते. म्हणून रिंग १० फिरवली तर चाकापाशी ११-१२ मिमी पडतात, आणि ४ची स्प्रिंग चाकापाशी ३ किलोसारखी वागते. ढेपेचे शंभर किलो आणि आई-बाबांमुळे मागच्या आसावर पडणारं, मिळून दीडशे धरा. एका चाकाला ७५. तीननं भागा : २५ मिमी. तुम्ही ३५ खाली नाही, शनिवारी मागून ६० खाली आहात.

पोती घालून, आई-बाबांना बसवून मोजा. तीच तुमच्या गाडीची खरी उंची. मोकळी मोजली ती दुकानाची.

सिंहगड_पायथा
बुधवार, सकाळी ८:५०

संत्राबर्फीताई, हिशेब पटला. माझ्या गाडीत मागे कुणी बसतच नाही, हे लक्षात घेतलं नव्हतं. पण डॅम्पिंग कडक केलं तर दबायचं प्रमाण कमी होईल ना?

संत्राबर्फी
बुधवार, दुपारी १२:४०

एका ब्रेकरला थोडं, ओळीतल्या पट्ट्यांना उलटंच. अशा संचांत खटक्याचा जास्त परिणाम दबलेला शॉकअप परत सुटतानाच्या विरोधावर होतो. पहिल्या पट्टीला चाक दबलं. कडक असल्यामुळे दुसरी पट्टी येईपर्यंत ते पुरतं परत खाली आलंच नाही. दुसरीला आणखी दबलं. अशी पाचव्या पट्टीपर्यंत गाडी स्वतःच जमिनीकडे ओढली जाते. "पहिल्या दोन बऱ्या जातात, पुढच्या मणक्यात" असं धागाकर्त्यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय, तेच हे.

८ वर आणा. पूर्ण बंद करून तिथून मोजायचं की पूर्ण उघडून, हे कागदावर पाहा. दोन्ही पद्धती असतात. चाचणीला शॉकअपच्या दांडीला प्लॅस्टिकची टाय बांधा, सैलसर. ती जिथवर सरकेल तिथवर शॉकअप दबला.

टायरबद्दल : आतली कड गेली की सगळे कॅम्बरला (चाकाचा वरून आत झुकलेला कोन) धरतात. खाली आल्यावर कॅम्बर थोडा वाढतोच, पण चार हजारांत गुळगुळीत करणारा बहुतेक वेळा टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) असतो. उंची बदलली की चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलतो, टो हलतो. बसवल्यावर अलाइनमेंट केली होती का?

काळी_माती
बुधवार, दुपारी १:०५

केली होती. बसवल्यावर लगेच, त्याच दिवशी.

पाना_बारा_तेरा
बुधवार, दुपारी १:३०

तेच तं. नवी स्प्रिंग तीनचारशे किलोमीटर फिरली की बसते, मंग अलाइनमेंट कराव. आन् तुमची तं एका बाजूनं अर्धवट बसेल होती, त्यावर केलेली अलाइनमेंट म्हणजे लग्नाआंधीच बारसं.

एक अजून. लोअर आर्मचे (चाकाले गाडीशी जोडते त्या खालच्या हाताचे) रबरी बुश. गाडी जॅकवर लटकली असताना त्यायचे बोल्ट आवळले असन तं रबर पिळेल राह्यते, महिनाभरात फाटते. बोल्ट ढिल्ले करा, गाडी चाकावर उभी करा, वजन येऊ द्या, मंग आवळा. रॅम्प नसन तं आर्मखाली जॅक देऊन वजन आणा. वरच्या नटाले हवेची गन लावू नोका, दांडी फिरते आन् सील जाते. आन् स्प्रिंग दाबाच्या क्लॅम्पाशी खेळ करू नोका. सुटली तं तोंड फोडते.

कलमदान
बुधवार, संध्याकाळी ६:२०

रसभंगाबद्दल क्षमस्व. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ कडकच लावला. कलम १८२ए(४)मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. चौकातल्या पावतीपेक्षा मला विम्याची काळजी वाटते. अपघातानंतर सर्वेक्षक खाली वाकून पाहतो. विमा कंपनीला लेखी कळवा, उत्तर जपून ठेवा आणि मूळ शॉकअप भंगारात देऊ नका.

काळी_माती
बुधवार, रात्री ९:००

कळवतो. मूळ मागचे शॉकअप आणि चारही स्प्रिंगा माळ्यावर आहेत, तुरीच्या पोत्यांमागे.

काळी_माती
(अडीच आठवड्यांनंतर) रविवार, संध्याकाळी ७:१५

अपडेट. उशीर झाला, सोयाबीन निघालं होतं.

पाना_बारा_तेरा दादांच्याच गॅरेजात गेलो. आमच्यापासून तासाभरावर निघालं, इतके दिवस माहीत नव्हतं. उजवा शॉकअप काढला. क्लॅम्पच्या आत काळी माती वाळून दगड झाली होती, आणि वरच्या अंगाला बोल्टाचा नवा ओरखडा. दादांनी काही बोलायच्या आधी दोन मिनिटं नुसतं पाहिलं, मग पोराला म्हणाले, "चहा सांग." बोल्ट नवा टाकला. शॉकअप तळापर्यंत गेला तेव्हा 'टक्' असा आवाज आला, तो मला फार आवडला.

मग रिंगा. उजवी फिरली. डावी फिरेना. चार महिन्यांचा चिखल आट्यांत बसून वाळलेला. पाणी, जुना टूथब्रश, पुन्हा पाणी, हवा, आणि मग हुक पाना. दादांचं म्हणणं, आट्यांवर जाड ग्रीस थापू नका, धूळ धरतं आणि वाळू-कागदासारखं घासतं. जाम न होऊ देणारी पेस्ट पातळ लावा आणि वरून मोटारसायकलच्या शॉकअपचं रबरी गेटर कापून चढवा. चढवलं. दिसायला भिकार, पण आत कोरडं राहतं. ओल्या दिवसांत चाकाच्या वरच्या पोकळीतला चिखलही रोज काढायचा. काळी माती तिथं थरावर थर चढते, आणि खाली केलेल्या गाडीत टायरला मुळातच जागा कमी.

उंची ठरवताना गॅरेजात खरंच आई-बाबांना बसवलं आणि डिक्कीत दोन पोती टाकली. आई म्हणाली, "मले वजनकाट्यावर बसवलं का रे?" पुढून १५ मिमी वर घेतली, मागून चाकापाशी २३. म्हणजे आता मोकळी उभी असली तर पुढून कंपनीपेक्षा २० खाली, मागून १२. मागून किंचित उंच दिसते, भरली की सपाट होते. पेट्रोलपंपावर आता कुणी पाहत नाही.

खटका ८ वर ठेवून पाहिला, ७ जास्त बरा वाटला. पहिल्या आठवड्यात टाय २८ मिमीपर्यंत सरकली, म्हणजे रबराला टेकता टेकता थांबली. फक्त शाळेसमोरच्या ब्रेकरला एकदा टेकली. ३५० किमी झाल्यावर यवतमाळला अलाइनमेंट केली. पुढे टो बराच बाहेर गेला होता, कॅम्बर दोन्हीकडे दीड अंशाच्या आत. ताईंचा अंदाज बरोबर. टायर मात्र गेलेच, दोन नवे घेतले. दिवे खाली पाहत होते, तेही सरळ केले.

चेंबर? काल शनिवार. सगळे ब्रेकर पार, एक सोडून. तिथं बाबा सवयीनं दार उघडून उतरायला लागले, मी म्हटलं बसा. घासला थोडा. पण बाबा काही बोलले नाहीत.

सिंहगड_पायथा
रविवार, रात्री ८:१०

अभिनंदन. मी पण रिंगेखालचे आटे मोजले. दोन्हीकडे सारखे आहेत, हुश्श. पण टाय बांधली तर रबरापर्यंत सरकलेली निघाली, रिकाम्या गाडीत. १० मिमी वर घेतोय. कुणाला सांगू नका.

वाटसरू_४५
रविवार, रात्री ८:५५

वाचनखूण साठवली. मी कारंजाहून समृद्धीवर चढतो, माझी स्विफ्ट ३० खाली आहे आणि तिथं लोण्यासारखी जाते. चढेपर्यंत मात्र तुमच्यासारखाच रडतो. @काळी_माती, हुक पाना संचातलाच वापरला का? माझा वाकला.

काळी_माती
रविवार, रात्री ९:०५

संचातला आमचाही वाकला. दादांकडे जाड पट्टीतून कापलेला घरचा आहे, त्यानं झालं.

पाना_बारा_तेरा
रविवार, रात्री ९:३०

येजा घेऊन, @वाटसरू भाऊ. सोमवार बाजाराचा दिवस, तो सोडून कधीबी. येताना फाट्यावरून पांदण रस्ता धरू नोका, आत्ताच मुरूम टाकला, दबाई झाली नाई. आन् @काळी_माती, तुमची पाण्याची नळी गॅरेजातच राह्यली. गवंडीबुवा मले फोन करून राह्यले.